पंख्याचं जुनं लढाऊ विमान उडताना टिपायचं तर शटर किती ठेवायचं?

भिगवणचा_बगळा:
मंडळी, कॅमेरा जुना आहे पण विषय नवीन. पुण्यात होतो तेव्हा दर हिवाळ्यात भिगवण ठरलेलं, फ्लेमिंगो, ऑस्प्रे वगैरे, आणि शटर (सेन्सरवर प्रकाश पडण्याचा वेळ) १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवायचं नाही हे हाताला बसलेलं. सध्या कामासाठी इंग्लंडात मिल्टन कीन्सला आहे, इथून जवळच ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ कलेक्शनचं गवताचं विमानतळ आहे, तिथे दोन्ही महायुद्धांतली विमानं उन्हाळ्यात खरोखर उडवतात. तिकीट काढलंय. पण जिथे वाचावं तिथे लोक सांगतात की १/२०० ठेवा, जमलं तर १/१२५. अहो १५०-६०० मिमीच्या लांब लेन्सवर, तेही क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), उडत्या स्पिटफायरला (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) १/१२५? सगळं हलणार नाही का? की ही नुसती फॅशन आहे? आणि मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) न्यावा का?

निवृत्त_फिटर:
फॅशन नाही हो. एअरफोर्समधे इंजिन फिटर होतो, फोटोतलं फार कळत नाही पण पंख्याचं गणित सांगतो. स्पिटफायर-हरिकेनचं मर्लिन इंजिन, डिस्प्लेमधे समजा २४०० आरपीएमवर चाललंय. पण पंखा तेवढा फिरत नाही, मधे रिडक्शन गिअर असतो, पंख्याला निम्म्याहूनही थोडे कमी फेरे मिळतात, म्हणजे साधारण ११५० धरा, सेकंदाला १९. १/२०००ला पातं जेमतेम ३-४ अंश सरकतं, म्हणजे फोटोत पंखा जागच्या जागी गोठलेला, इंजिन बंद पडून विमान खाली येतंय असं वाटतं. १/२००ला तेच पातं ३४ अंश फिरतं, १/१००ला जवळपास ७०. चार पाती असली की दोघांत अंतर ९० अंश, म्हणजे अख्खी चकती दिसायला आणखी खाली यावं लागेल. हरिकेनला तीनच पाती, अंतर १२०, त्याला अजून कठीण.
आता गंमत बघा, टायगर मॉथ हे जुनं ट्रेनर विमान किती हळू उडतं, पण त्याला गिअरच नाही, पंखा थेट क्रँकशाफ्टवर, २००० आरपीएमला पंखाही २०००. त्यामुळे त्याच १/२००ला ६० अंश मिळतात. हार्वर्ड या ट्रेनर विमानाचंही तसंच, थेट पंखा, म्हणून तर ते इतकं कर्कश ओरडतं. थोडक्यात विमान किती जोरात जातंय ते बघू नका, पंखा किती फिरतोय ते बघा.

रनवेबाजू:
काकांचं गणित एकदम पटलं, पण बगळेभाऊ पहिल्याच दिवशी १/१२५वर जाऊ नका, शंभरातले पंचाण्णव डिलीट कराल आणि वैतागून घरी याल. सुरुवात १/३२०ने करा, दोन-चार सेफ फोटो पदरात पडले की १/२५०, मग १/१६०, असं उतरत जा. शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवायचं, अॅपर्चर कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलताही कॅमेराच ठरवतो). लेन्सला स्टॅबिलायझेशनचा पॅनिंगचा (विमानाबरोबर कॅमेरा फिरवण्याचा) मोड असेल तर तो लावा. मोनोपॉड घरी ठेवा, विमान डोक्यावरून वळलं की तो नुसता आडवा येतो.
खरं काम पायांचं आहे. जिथे फोटो काढायचाय तिकडे पाय रोवून उभे राहा आणि कमरेतून मागे वळून विमान लांब असतानाच पकडा, मग ते समोर येईल तसं शरीर आपोआप सरळ होत जातं. उलटं केलंत, म्हणजे पाय विमान येतंय त्या बाजूला, तर ऐन मोक्याला कंबर पिळलेली असते आणि झटका बसतो. बटण दाबल्यावरही हात थांबवायचा नाही. ट्रायपॉडवाल्या लँडस्केप मंडळींना हे जन्मात जमत नाही (आमचे एक मित्र वाचत असतील, असो).
आणखी एक, कमी शटरला विमान अगदी जवळून गेलं की नाक शार्प आणि शेपूट पुसट असं होतं, तुमचा हात कितीही चांगला असो, कारण तेवढ्या वेळात विमानाचा आपल्याकडचा कोनच बदलतो. जवळच्या पासला शटर थोडं वर न्या.

भिगवणचा_बगळा:
काका, रनवेबाजू, भारीच. म्हणजे बगळा आणि विमान यांचा काही संबंध नाही 😅 मग उन्हात १/१६० ठेवलं तर अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/१६ला, म्हणजे अगदी बारीक होणार, त्याचं काय?

चहाबाज_केंट:
जाणार, आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आभाळात उमटणार. जायच्या आधी सेन्सर साफ करून घ्या नाहीतर पोलरायझर किंवा एनडी (प्रकाश कमी करणारे फिल्टर) लावा.
पण मला शटरपेक्षा प्रकाशाचं जास्त वाटतं. डक्सफर्डच्या एअर शोला जाल तेव्हा कळेल, तिथे पब्लिक दक्षिणेकडे तोंड करून उभं, त्यामुळे दुपारभर सूर्य समोर आणि विमानं काळी कावळ्यासारखी. इंग्लंडचं ढगाळ पांढरं आभाळ असलं तर एक्सपोजर +१पर्यंत वाढवा, आभाळ जळलं तर जळू द्या, विमानाच्या पोटावरचा रंग दिसला पाहिजे. ओल्ड वॉर्डनची मजा म्हणजे तिथे प्रेक्षकांची रेघ सरळ नाही, वाकडी आहे, त्यामुळे विमान वळसा घेत येतं आणि पंखांची वरची बाजू, कॉकपिट, पायलटचं डोकं सगळं दिसतं. तो वळसा सोडू नका, नुसतं आडवं जाणारं विमान कुणीही काढतं. जमलं तर संध्याकाळच्या शोचं तिकीट घ्या. वारा पूर्ण पडला तर शेवटी १९०९चं ब्लेरिओ बाहेर काढतात, ते गवतावरून जेमतेम उडी मारतं, पण एवढं जुनं विमान उडताना दुसरीकडे कुठे बघणार. हॉकर हाइंडही बघा, ते अफगाण हवाई दलाचं, १९७०मधे काबूलहून ट्रकवर घालून रस्त्याने आणलेलं.

पालमवाला:
+१ संध्याकाळच्या शोला. भारताचा विषय निघालाच नाही म्हणून लिहितो. आर ४११८ नंबरचं हरिकेन कुठे दिसलं तर जास्तीचं कार्ड भरा. बॅटल ऑफ ब्रिटनमधे लढलेलं विमान, नंतर कित्येक वर्षं आपल्या बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात गंजत पडलेलं, २००१ला ब्रिटनला नेलं आणि २००४ला परत उडालं.
आपल्याकडेही डकोटा (दोन इंजिनांचं जुनं मालवाहू विमान) आहे की, 'परशुराम', २०१८ला हवाई दलात आलं, त्यावर व्हीपी ९०५ हा नंबर टाकलाय, ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर फोटो काढायचा प्रयत्न केला, पण दिल्लीच्या ऑक्टोबरच्या धुरकट हवेत आणि उष्ण झळांत ४०० मिमीच्या पुढे काही शार्प येत नाही, लेन्सला दोष देऊ नका. काका, डकोटाला शटर किती?

निवृत्त_फिटर:
डकोटाच्या ट्विन वॉस्प इंजिनाला गिअर १६:९चा. इंजिन २०५०वर असलं तर पंखा परत ११५०च्या आसपास, आणि पाती तीन. म्हणजे हरिकेनचाच हिशोब, १/१६० किंवा खाली. फक्त ते जड आणि संथ विमान आहे, सरळ रेषेत येतं, तुम्हाला १/१०० सुद्धा जमेल. दोन पंखे आहेत, एकाचं पातं नेमकं उभं आणि दुसऱ्याचं आडवं असं येईल, म्हणून तीन-चारचा बर्स्ट (सलग फोटो) मारा, लांबलचक नको, बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरला की विमान निघून जातं आणि कॅमेरा लिहीत बसतो.