जनुक सापडले, तरी मेरोपेनेम लागू पडते, असे का?

सूक्ष्मजीव_विद्यार्थिनी, राजारामपुरी
मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. फुटलेल्या अपेंडिक्सच्या रुग्णाच्या पोटातील पुवातून मिळालेला बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूचा एक स्ट्रेन (उपप्रकार) माझ्या प्रकल्पात आहे. पीसीआरमध्ये त्यात सीएफआयए जनुक स्पष्ट दिसले, परंतु मेरोपेनेम या कार्बापेनेम कुळातील प्रतिजैविकाची एमआयसी, म्हणजे वाढ रोखण्यास लागणारे किमान प्रमाण, अगदी कमी आली. हे जनुक कार्बापेनेम मोडणारे विकर तयार करते, मग औषध लागू कसे पडते? अहवालात काय लिहावे?

प्रयोगशाळा_शाहूपुरी
ताई, आपले दोन्ही निकाल बरोबर असू शकतात. सीएफआयए या जिवाणूच्या गुणसूत्रावरच असते आणि ते बाळगणाऱ्या अनेक स्ट्रेनांमध्ये जवळजवळ मूक असते, कारण त्याचा स्वतःचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, फार दुर्बळ असतो. विहिरीवर मोटार बसवली आहे, पण वीजजोडणी मिळालेली नाही, तशी ही अवस्था आहे. आयएस११८६ किंवा आयएस९४२ यांसारखा, जागा बदलणारा डीएनएचा तुकडा जनुकाच्या अगदी आधी येऊन बसला, की त्याच्यासोबत जोरकस प्रमोटर येतो आणि जस्तावर चालणारे ते विकर भरपूर तयार होऊ लागते. मग पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन आणि कार्बापेनेम ही तिन्ही कुळे निकामी होतात. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल किंवा टॅझोबॅक्टम जोडूनही उपयोग होत नाही, कारण ती या विकराला रोखत नाहीत.

जनुकाच्या आधीच्या भागासाठी प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) घेऊन पुन्हा पीसीआर करावा. तुकडा अपेक्षेपेक्षा हजारभर बेसजोड्यांनी किंवा त्याहून लांब आला, तर मध्ये काहीतरी शिरले आहे असे समजावे.

शल्यचिकित्सक_ताराबाई_पार्क
मेट्रोनिडॅझोलबाबतही असेच घडते, आणि आम्हा शल्यचिकित्सकांचा पोटाच्या संसर्गात त्याच औषधावर मोठा भरवसा असल्यामुळे मला त्याची अधिक काळजी वाटते. हे औषध जिवाणूच्या पेशीत शिरल्यावर, ऑक्सिजन नसताना, त्याच्या नायट्रो गटाचे क्षपण होते, तेव्हाच ते डीएनए तोडणारे बनते. काही स्ट्रेनांमध्ये असणाऱ्या निम जनुकांचे विकर त्याच गटाचे निरुपद्रवी अमाइनमध्ये रूपांतर करते. इथेही जनुक सापडले म्हणजे औषध हरलेच असे नाही.

टेट्रासायक्लिनला प्रतिरोध देणारे टेटक्यू आणि क्लिंडामायसिनला प्रतिरोध देणारे अर्मएफ ही जनुके मात्र एकाच फिरत्या घटकावर, सीटीएनडॉटवर, आढळतात. टेट्रासायक्लिनच्या सान्निध्यात त्या घटकाचे दुसऱ्या जिवाणूकडे जाणे वाढते आणि सोबत अर्मएफमुळे क्लिंडामायसिनचा प्रतिरोधही पोहोचतो. एका औषधाने दुसऱ्याची वाट बंद व्हावी, हे मला फार गंभीर वाटते.

सूक्ष्मजीव_विद्यार्थिनी, राजारामपुरी
धन्यवाद सर. मग अहवालात 'संवेदनशील' लिहिणे योग्य ठरेल का?

प्रयोगशाळा_शाहूपुरी
होय, आपल्या एमआयसीनुसार तसेच लिहावे. परंतु 'सीएफआयए जनुक उपस्थित, कार्बापेनेम चालू असताना ताप वा पू कायम राहिल्यास पुन्हा कल्चर करावे' ही ओळ आवर्जून जोडावी, कारण औषधाच्या दाबाखाली जनुक जागे झालेल्या पेशीच निवडल्या जाऊ शकतात. त्या कल्चरसाठी कापसाचा स्वॅब नको. सिरिंजमध्ये पू घेऊन, हवा काढून, लगेच पाठवण्यास सांगावे.