थंडीआधी टोमॅटो झाकू, काढू की सोडून देऊ?

उशिरा_पेरणी

मंडळी, प्रश्न छोटा आहे, रड मोठी आहे. आधी रड.

घरामागे चार वाफे आणि सतरा कुंड्या. वाफ्यांत अकरा टोमॅटो, सहा वांगी, कडेने पालक, आणि एका वाफ्यात गाजर आत्ता कुठे बोटभर झालंय. पाच मिरच्या कुंडीत. रात्री गार व्हायला लागल्यात. काल पहाटे थर्मामीटर ९ दाखवत होता. टोमॅटो हिरव्या फळांनी लगडलेत, पण गेले दहा दिवस एकही फळ रंग धरत नाहीये. फुलं येतात आणि देठापासून गळतात.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. रात्री पारा ३ पर्यंत उतरणार असं कळलं, म्हणून मी संध्याकाळी एकेका टोमॅटोला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलं आणि खाली बुंध्याशी सुतळीने आवळून बांधलं. अगदी पार्सल! दोन तास गेले, पाठ मोडली, पण झोप छान लागली. सकाळी कागद सोडला तर प्लॅस्टिकला टेकलेलं प्रत्येक पान उकडल्यासारखं, गडद आणि पाणचट. दुपारपर्यंत सगळी काळी. आणि भिंतीलगतची एक मिरचीची कुंडी मी चक्क विसरले होते, ती ठणठणीत. जिला विसरले ती वाचली.

पारा ३ च्या खाली गेलाच नव्हता, हे मी स्वतः पाहिलंय. मग पानं गोठली कशी? यंदा झाकायचं कशाने? हिरव्या टोमॅटोंचं काय करू? आणि गाजर उपटून टाकू का?

---

वाफसा

आधी एक सांगा, तुमचं थर्मामीटर टांगलंय कुठे? भिंतीला, छातीच्या उंचीवर असेल तर त्याने तुम्हाला भिंतीजवळचं तापमान सांगितलं, टोमॅटोजवळचं नाही.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आणि पानं आपली उष्णता थेट वर आकाशाकडे फेकत राहतात. गार झालेली हवा जड, ती खालीच साचते. अशा रात्री छातीच्या उंचीवर ३-४ अंश असताना जमिनीलगत शून्य गाठलेलं असतं, आणि पानाचा पृष्ठभाग तर आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर पहाटे दव निथळत असतं आणि झाडाखालची गाडी कोरडी असते, ते याच कारणाने. फांद्यांनी तिच्यावर छत धरलेलं असतं. ढगाळ रात्री म्हणूनच ऊब टिकते. तुमच्या मिरचीला भिंतीने वाचवलं. दिवसभर तापलेली भिंत रात्री हळूहळू ऊब सोडत होती, आणि निम्मं आकाशही तिनेच अडवलं होतं.

आता पार्सलबद्दल. रागवू नका, पण नव्वद टक्के लोक हेच करतात. आपण झाडाला स्वेटर घालायला जातो. स्वेटर माणसाला चालतो कारण माणूस आतून गरम असतो. झाडाच्या अंगात शेगडी नाही! ऊब आहे ती जमिनीत, दिवसभराच्या उन्हाची. तुम्ही बुंध्याशी सुतळी आवळली आणि तीच वाट बंद केली. वरून प्लॅस्टिक, ते आकाशाकडे तोंड करून गारठलं आणि टेकलेल्या पानाला त्याने आपल्याबरोबर गारठवलं.

झाकण तंबूसारखं हवं. कडा जमिनीवर, सगळ्या बाजूंनी विटा. चार काठ्या किंवा वाकवलेला पाइप रोवा, म्हणजे कापड पानांना टेकणार नाही. जुनी चादर उत्तम. प्लॅस्टिकच हाताशी असेल तर आत कापड आणि वर प्लॅस्टिक, पानांना स्पर्श नको. ऊन उतरायच्या आधी झाका. माती गार झाल्यावर झाकलं तर आत काय कोंडणार? आणि सकाळी ऊन आलं की काढा. प्लॅस्टिक तर नक्की काढा, नाहीतर दुपारी झाडं आत शिजतील.

माती कोरडी असेल तर त्या दिवशी सकाळीच पाणी द्या. ओल्या मातीत दिवसाची ऊब जास्त मावते. पण चिखल नको.

एक उलटं वाटेल असंही सांगतो. वाफ्यावर वाळल्या पाल्याचं जाड आच्छादन असेल तर त्या दिवशी ते टोमॅटोच्या बुडाशी थोडं बाजूला सारा. पाला मातीला गोधडीसारखा झाकतो, ऊब मातीतच राहते, वरच्या पानांना मिळत नाही. गाजराला मात्र तेच हवंय, तिथे पाला तसाच राहू द्या.

---

पाचवा_मजला

मला वाफे नाहीत, सगळं कुंड्यांत. तेवढ्यावरच बोलते.

जमिनीतल्या मुळांना चहूबाजूंनी माती असते, कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी हवा. म्हणून जे झाड वाफ्यात थंडी काढतं तेच कुंडीत मरतं. कुंड्या एकमेकींना चिकटवून भिंतीशी आणा, नाजूक झाडं मध्ये, दणकट कडेला. खाली फळी किंवा विटा घाला. मातीच्या कुंड्या असतील आणि खरंच गोठण्याइतकी थंडी पडत असेल, तर त्या चिंब ठेवू नका. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, आणि तडा कुंडीला जातो. माझ्या दोन गेल्या, दोन्ही मोठ्या. बारक्यांना काही होत नाही, हे नशीबच म्हणायचं.

मिरची फेकू नका! मिरची एका हंगामाची नाही, वर्षानुवर्षं जगते. फळं काढून घ्या, खोड दोन फांद्यांत फुटतं त्याच्या थोडं वर, वीतभर ठेवून छाटा, पानं काढा आणि कुंडी घरात १० अंशांच्या वर राहील अशा जागी ठेवा. पाणी अगदी कमी, वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावर. दोन महिने ते वाळक्या काटकीसारखं दिसेल. घरचे "हे काय ठेवलंय?" विचारतील. उन्हं वाढली की फुटतं, आणि बियांपासून लावलेल्या रोपाच्या कितीतरी आधी फळ देतं.

आत आणण्याआधी खोड धुवा. मी एकदा तशीच आणली. बाहेर मावा खाणारे किडे असतात, घरात कोणी नाही. तीन आठवड्यांत खिडकीतल्या सगळ्या झाडांवर मावा.

---

उशिरा_पेरणी

वाफसाकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), थर्मामीटर खिडकीच्या सज्जाखाली आहे. भिंतीला. छातीच्या उंचीवर.

रात्री तो काढून टोमॅटोच्या वाफ्यात एका विटेवर आडवा ठेवला. आज पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन गेले. सज्जाखाली दुसरा एक टांगला होता, तो ८, वाफ्यातला ४. दोन्ही थर्मामीटर तासभर शेजारी-शेजारी ठेवून बघितले, सारखेच दाखवतात. म्हणजे मागच्या वर्षी मी ३ समजून झोपले तेव्हा खाली उणे होतं.

सुतळीचं वाचून स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

---

देठासकट

हिरव्या टोमॅटोंबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काढा. थंडीत झाडावर ठेवून काही मिळत नाही. रात्री १३ च्या खाली गेल्या की परागकण नीट काम करत नाहीत, म्हणून तुमची फुलं गळतायत. आणि १० च्या आसपास पिकणंच थांबतं, लाल रंगद्रव्य तयार होत नाही. झाड जगवाल, फळ हिरवंच राहील. शेंडे आणि नवी फुलं महिनाभर आधी खुडायला हवी होती, म्हणजे जोर आधीच्या फळांत गेला असता. असो.

पण सगळी हिरवी फळं सारखी नसतात. एक फळ आडवं कापून बघा. आतला गर चिकट, बुळबुळीत झाला असेल आणि सुरीसमोरून बी बाजूला सरकत असेल, तर त्या मापाची फळं घरात पिकतील. बीसुद्धा चिरली गेली तर ते फळ कोवळं, त्याची वाट बघू नका. न कापता ओळखायचं तर गर्द हिरवं, टणक, बिनचकाकीचं म्हणजे कोवळं. फिकट हिरवं, टोकाशी पांढुरकं, किंचित चकाकणारं म्हणजे तयार.

तयार फळं एका थरात, एकमेकांना न टेकता, १८ ते २१ अंशांच्या खोलीत ठेवा. खिडकीतल्या उन्हाची गरज नाही. टोमॅटो उजेडाने पिकत नाही, इथिलीन वायूने पिकतो, आणि तो वायू फळ स्वतःच सोडतं. घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर. फ्रिजमध्ये अजिबात नाही. दर दोन दिवसांनी हात फिरवा, एक सडलं की शेजारी जातात. डागाळलेलं, चिरलेलं फळ आधीच वेगळं काढा.

---

नळी_आणि_झारी

एवढं झाकाझाकीचं कशाला? रात्री झोपताना पानांवर पाणी मारायचं, गोठत नाही. मी ऐकलंय मोठ्या बागांत तसंच करतात.

---

वाफसा

@नळी_आणि_झारी, मोठ्या बागांत करतात हे खरं. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यावर कळी शून्याच्या जवळपास टिकते. पण त्यासाठी तुषार सिंचन रात्रभर, बर्फ वितळायला लागेपर्यंत, अखंड चालू ठेवावं लागतं. तुम्ही दहाला पाणी मारून झोपलात की त्याचं बाष्पीभवन होताना पान उलट आणखी गार होणार. अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं. चादर टाका.

@उशिरा_पेरणी, काका चालेल. गाजराला हात लावू नका. गाजर, पालक, कोबी ही थंडीची मंडळी. गारठा सुरू झाला की ती साठवलेल्या पिष्टाची साखर करतात, कारण साखर विरघळलेलं पाणी शून्याला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. स्वतःच्या बचावासाठी करतात, गोडी आपल्याला मिळते. थंडी लागलेलं गाजर आणि न लागलेलं गाजर शेजारी-शेजारी खाऊन बघा.

मात्र बोटभर गाजर आता फार वाढेल ही आशा सोडा. दिवस दहा तासांहून लहान होतो तिथे तर वाढ जवळजवळ थांबतेच. मरत नाही, नुसतं उभं राहतं. थंडीची भाजी थंडीत वाढत नाही, आधी वाढवून थंडीत टिकवायची असते. हे कळायला मला तीन हंगाम लागले. दर वेळी बियांना शिव्या दिल्या.

बियांचंही तेच. गाजराचं बी २५ अंशांना सहाएक दिवसांत उगवतं, १० अंशांना सतराएक दिवस घेतं, ५ ला पन्नासएक. पालक १० अंशांना बारा दिवसांत वर येतो. टोमॅटो त्याच १० ला चाळीसच्या वर दिवस घेतो, आणि तेवढ्यात बी बहुधा कुजतं. तेव्हा गार मातीत पेरून "बी फसवं निघालं" म्हणू नका. मातीत बोटभर खोल थर्मामीटर खुपसा आणि मग ठरवा.

आणि रिकामा होणाऱ्या वाफ्यात लसूण लावा. त्याला थंडी सोसते एवढंच नाही, थंडी लागतेच. काही आठवडे गारठा मिळाला नाही तर पाकळ्या पडत नाहीत, एकच गोल गड्डा होतो. टोक वर, दोन इंच खोल, मध्ये चार बोटं अंतर.

वांग्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सहाही वाचवायचा हट्ट नको. थंडीला वांगं टोमॅटोहूनही नाजूक आहे. दोन चांगली निवडा, त्यांना नीट झाका.

---

उशिरा_पेरणी

नऊ दिवसांनी आले, हिशेब द्यायला.

टोमॅटो सगळे काढले. एक कापून पाहिला, बी सरकलं. कापलेला आणि कोवळे सोडून एकशे सहा फळं तीन ट्रेमध्ये आहेत. आजपर्यंत एकोणीस लाल, चार सडली. मिरच्या छाटून जिन्याखाली ठेवल्यात आणि घरात दोनदा विचारून झालंय, "हे काय ठेवलंय?" लसूण लावला. गाजराला हात लावला नाही. म्हणजे एक उपटून पाहिलं, राहवलं नाही. करंगळीएवढं.

वांग्यांचं तुमचं ऐकलं नाही. सहाही झाकली. तीन चादरी सुतळीने एकमेकींना टाचल्या (या वेळी सुतळीचा योग्य वापर), वाकवलेल्या पाइपांवर टाकल्या, बाजूंनी विटा. विटा अकराच होत्या, एक कोपरा नुसत्या मातीच्या ढेकळावर सोडला. परवा संध्याकाळी वारा होता, मध्यरात्री पडला. पहाटे वाफ्यातला थर्मामीटर उणे १. तो कोपरा उडालेला. चादरीखालची चार वांगी हिरवी, एकाचं पानही वाकलं नाही. कोपऱ्यातली दोन मागच्या वर्षीच्या टोमॅटोसारखी, उकडलेली.

ती दोन लगेच कापून टाकू का?

---

वाफसा

कापू नका. मेलेली पानं कुरूप दिसली तरी खालच्या खोडावर छत धरतात, आणि छाटलं की झाड नवा कोंब काढायला बघतं, तो पुढच्या रात्री जातो. आठवडाभर थांबा. मग खोडाची साल जमिनीपासून चार बोटांवर नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर राहू द्या.

आणि बारावी वीट आणा.

---

उशिरा_पेरणी

आठवडा थांबवलं नाही, आजच खरवडलं. एक हिरवं. एक तपकिरी.

वीट आणली.