पोकर टूर्नामेंटमध्ये सलग हार, खेळायला हातच धजत नाही. सल्ला हवा

लेस्टरकर: नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये असतो, इथे ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे. मुलं झोपली की ५ पाउंडांच्या टूर्नामेंट खेळतो. त्यासाठी ५०० पाउंड वेगळे काढलेत, वर एक पेनी घालणार नाही. दिवाळीपासून बक्षिसांच्या जरा आधीच बाहेर पडतोय. आता हातात दोन राण्यांसारखे भारी पत्ते असले तरी समोरच्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, की फोल्ड करतो, पत्ते टाकून देतो. खेळ बिघडलाय की पत्ते, कसं ओळखायचं?

रिव्हरचा_मार: पत्तेच हो! परवा माझे दोन एक्के समोरच्याच्या दोन राजांनी मारले, शेवटच्या पानावर. साइटवाले ठरवून करतात.

गणितवाला_पुणे: काही ठरवून नाही. एक्के राजांपुढे शंभरात साधारण १८ वेळा हरतातच. लेस्टरकर, ८० टक्के बाजू तुमची असलेले तीन ऑल-इन सलग जिंकण्याची शक्यता ५१ टक्केच आहे. त्यात बक्षीस जेमतेम १५ टक्के लोकांना. म्हणजे साधारण खेळाडूच्या दहा टूर्नामेंट ओळीने कोरड्या जाण्याची शक्यता २० टक्क्यांच्या आसपास. निकाल बघू नका. ज्या डावात सगळ्या चिप्स गेल्या, त्याची हँड हिस्टरी, म्हणजे साइटवरची डावाची नोंद, काढा आणि पैसे आत गेले तेव्हा पुढे होतात (तुमचे पत्ते सरस) की मागे, तेवढं लिहा.

टोरांटोची_मीनल: मी १००० डॉलरचा कोर्स केला. पुढच्याच महिन्यात फायनल टेबल! डोळे झाकून घ्या.

रिव्हरचा_मार: मीनलताई, त्यांच्याकडे सगळे मिळून ५०० पाउंड आहेत.

आबा_सातारकर: आमच्याकडे २०२५च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंदच केले. उत्तम झालं. जुगार तो जुगार.

गणितवाला_पुणे: आबा, पोकरमध्ये कौशल्य आहे.

आबा_सातारकर: कायद्याने तो फरकच ठेवला नाही. वाचा नीट.

मँचेस्टरची_नर्स: दादा, एकच विचारते. गेलेले पैसे भरून काढायला त्याच रात्री दुसरी टूर्नामेंट लावता का? लावत असाल तर गॅमस्टॉपवर नाव घाला, जुगाराच्या साइट्स स्वतःसाठी बंद करून घ्यायची ही इथली सोय आहे. फुकट आहे. ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षं निवडता येतात, आणि मुदत संपेपर्यंत मागे फिरता येत नाही. लावत नसाल तरी महिनाभर थांबाच.

मुलुंडचा_एक्का: मीही तेच म्हणतो, थांबा. नाहीतर २ पाउंडांवर उतरा.

लेस्टरकर: सगळ्यांचे आभार. ताई, त्याच रात्री परत लावत नाही, बाहेर पडल्यावर पैसे भरून त्याच टूर्नामेंटमध्ये री-एन्ट्रीही घेत नाही. गणितवाल्यांच्या सांगण्यावरून काल डाव काढून बघितले. बहुतेक वेळा पैसे आत गेले तेव्हा मी पुढे होतो. म्हणून थांबत नाही, खालीही उतरत नाही. ५ पाउंडच, पण फक्त रविवारी. आणि राण्या फोल्ड करणार नाही.

मँचेस्टरची_नर्स: ५०० संपले की इथे येऊन सांगा, लपवू नका.

टोरांटोची_मीनल: कोर्सवर सध्या सूट चालू आहे.