दोन दिवसांच्या ट्रेनिंगने कुणी मॅनेजर होतो का?

ठणठणपाळ_नव्हे

गेल्या आठवड्यात 'अवघड संभाषणं कशी करावीत' या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला जाऊन आलो. नोकरीतलं हे माझं अकरावं सर्टिफिकेट. लिहायच्या आधी मुद्दाम मोजली.

शिकवणारा माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. रोल-प्लेमध्ये रोज उशिरा येणाऱ्या सहकाऱ्याशी मी इतक्या समंजसपणे बोललो की टाळ्या पडल्या. सोमवारी माझ्या टीममधला खराखुरा सहकारी चाळीस मिनिटं उशिरा आला आणि मी नेहमीसारखी मेल टाकली. साहेब सीसीमध्ये. शिकलेलं विसरलो होतो असं नाही, सगळं आठवत होतं. पण मी त्याच्याशी बोलून विषय मिटवला असता तर महिनाअखेरीला साहेबांनी विचारलंच असतं, 'लेखी काय आहे?'

हे १९५३ सालीच दाखवून झालंय. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीतल्या फोरमन लोकांना हाताखालच्यांशी कसं वागावं याचं ट्रेनिंग दिलं होतं. एडविन फ्लाइशमन या मानसशास्त्रज्ञाने ते कामावर परतल्यावर पाहिलं, तर वर्गात बदललेले विचार तिथे टिकलेले नव्हते. फोरमन कसा वागतो हे त्याचा स्वतःचा वरिष्ठ कसा आहे त्यावर जास्त ठरत होतं. म्हणजे पाण्यात पोहायला शिकवून माणसाला परत वाळूत सोडायचं.

माझं मत सरळ आहे. ही छोटी ट्रेनिंगं बंद करावीत. एचआरची फाइल भरते आणि आमची दोन दिवसांची कामं तुंबतात, याखेरीज त्यांतून काही होत नाही.

खडू_फळा

मी याच धंद्यात आहे, गेली पंधरा वर्षं ट्रेनिंग देते, त्यामुळे माझं मत वजा करून वाचलंत तरी चालेल.

'दोन दिवसांत काय होणार' हा आक्षेप मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम होता, १९४० ते १९४५. कुशल कामगार सैन्यात गेलेले, कारखान्यांत सगळी नवखी माणसं, आणि त्यांना शिकवणार ते तिथलेच सुपरवायझर. त्या सुपरवायझरांसाठी हा कोर्स. दोन तासांची पाच सत्रं, एकूण दहा तास! त्यातून १६ लाखांहून जास्त लोक सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडले. युद्धानंतर तो जपानला गेला, टोयोटाने उचलला. दहा तासांच्या कोर्सची ही कथा आहे. तुमच्या दोन दिवसांपेक्षा तो लहानच होता.

तुमचं ट्रेनिंग फुकट गेलं असेल, मान्य. त्यावरून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

बी_शिफ्ट

खडूताई म्हणतात ती पद्धत मी वापरतो. आमच्या जुन्या सुपरवायझरने शिकवली. तिचं नाव-गाव तेव्हा माहीत नव्हतं.

आधी कामाचे टप्पे कागदावर उतरवायचे आणि प्रत्येक टप्प्यात हात कुठे चुकतो ते शेजारी लिहायचं. मग नव्या माणसाची भीड मोडायची, काम करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं. करताना त्याने तोंडाने सांगायचं की हे असं का करतो. त्यानंतर त्याला एकटं सोडायचं, पण येता-जाता बघायचं. झालं. आणि एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

त्याआधी मी नव्या पोरांना 'बघ आणि शिक' म्हणायचो आणि दोन दिवसांनी शिव्या घालायचो. आता शिव्या निम्म्यावर आल्यात. कागदावर टप्पे लिहायला बसल्यावर कळलं की हातात बसलेलं काम आपल्यालाच सांगता येत नाही.

आडकित्ता

बी_शिफ्ट, तुम्ही सांगताय ते काम शिकवण्याचं ट्रेनिंग. धागाकर्ते बोलताहेत ते 'लीडरशिप', 'इमोशनल इंटेलिजन्स', 'आपल्यातला सिंह जागवा' वगैरेबद्दल. तिथे कागदावर कुठले टप्पे उतरवणार?

मी आजवर जितक्या ट्रेनिंगना बसलो त्यातल्या निम्म्यांत एक पिरॅमिड दाखवला गेला. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, करून पाहिलेलं ९०. इतके गोल आकडे बघूनच शंका यायला हवी. एडगर डेल या शिक्षणतज्ज्ञाचा १९४६ चा शंकू आहे तो. त्यात टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवले. तसंच 'तुम्ही बघून शिकणारे की ऐकून शिकणारे' याचं. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन चाळून सांगितलं की त्या प्रकारांनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही. तरी स्लाइड जिवंत आहे.

कसं शिकवावं याबद्दलच जे ऐकीव माहिती दाखवतात, त्यांच्याकडून मी व्यवस्थापन शिकायचं?

खडू_फळा

तो पिरॅमिड मीही दाखवायचे. सात-आठ वर्षं दाखवला. एका प्रशिक्षणार्थीने जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा काढला. (त्याने वर्गात सांगितलं नाही याबद्दल त्याची आजही आभारी आहे.)

सावली_४२

एरवी वाचून गप्प बसते, पण 'एचआरची फाइल' हे वाचून राहवलं नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत एक वरिष्ठ दीड वर्ष मला त्रास देत होता. ओरडणं नाही, शिवी नाही. मीटिंगला मुद्दाम न बोलावणं, माझं काम दुसऱ्याच्या नावावर दाखवणं, सगळ्यांदेखत 'काही लोकांना झेपत नाही' म्हणणं. मला वाटायचं मीच कमी पडते. मग आलं ते सक्तीचं एक तासाचं ऑनलाइन मॉड्यूल, सगळे नुसतं 'नेक्स्ट नेक्स्ट' दाबतात तसलं. मीही दाबत होते. सहाव्या-सातव्या स्लाइडवर एक उदाहरण होतं, ते मी तीनदा वाचलं. त्याला नाव आहे, तारीखवार नोंद ठेवायची असते, तक्रार कुणाकडे करायची असते, हे मला तिथे कळलं.

तक्रार केली. शेवट फार गोड झाला नाही, तो गेला आणि सहा महिन्यांनी मीही गेले. पण ज्या ट्रेनिंगला तुम्ही निव्वळ फाइल म्हणता, ती फाइल माझ्या कामी आली.

ठणठणपाळ_नव्हे

सावली, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. 'सगळी बंद करा' हे मागे घेतो.

पण मग दोन गोष्टी वेगळ्या करू. माहिती द्यायची असेल, म्हणजे नियम काय, तक्रार कुठे करायची, तर एक तास पुरतो. सवय बदलायची असेल तर दोन दिवसही पुरत नाहीत, आणि बदलली की नाही हे कुणी बघतही नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि कामाच्या निकालात फरक पडला का. आमच्याकडे पहिल्या पायरीवरच वस्ती आहे. शेवटच्या पाच मिनिटांत फॉर्म, सगळ्यांची एक पाय दाराबाहेर ठेवून पाचपैकी पाच.

उलटा_चष्मा

सवय बदलत नाही हे विमानवाल्यांना सांगा. १९७७ मध्ये टेनेरिफला धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानात फ्लाइट इंजिनीअरने शंका काढली होती की समोरचं विमान अजून बाजूला गेलेलं नाही का. कॅप्टनने ठामपणे उडवून लावली. त्या काळात असे बरेच अपघात झाले, जिथे हाताखालच्याला दिसत होतं पण वरच्यापुढे त्याचं चाललं नाही. १९७९ मध्ये नासाने त्यावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने ट्रेनिंग सुरू केलं. विषय काय? शंका कशी बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची. म्हणजे अवघड संभाषणंच की!

१९८९ मध्ये त्याच कंपनीच्या एका विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे ज्यावर विमान वळवता येतं तीच, हवेत निकामी झाली. प्रवासी म्हणून बसलेला कंपनीचाच एक प्रशिक्षक वैमानिक पुढे आला. कॅप्टन अल हेन्स यांनी त्याला इंजिनांच्या थ्रॉटलवर, म्हणजे जोर कमी-जास्त करायच्या दांड्यांवर बसवलं, आणि चौघांनी मिळून विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी पुढे त्याचं श्रेय या ट्रेनिंगला दिलं.

ठणठणपाळ_नव्हे

अहो, पण त्यांनी कॅप्टनलाही वर्गात बसवलं! आणि एकदा बसवून सोडून दिलं नाही, पुन्हा पुन्हा सिम्युलेटरमध्ये घातलं. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत.

खडू_फळा

इथे मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूने. कॅप्टन येतात, नाही असं नाही. उद्घाटनाला. दहा मिनिटं 'शिकणं कधी थांबवू नका' यावर बोलतात, फोन वाजतो, जातात. मी हल्ली काम घेताना अट घालते की ज्यांना पाठवताय त्यांच्या वरिष्ठाने पहिले दोन तास तरी बसायचं, आणि महिन्याने मी पुन्हा अर्धा दिवस येणार. या अटीपायी निम्मी कामं जातात.

बी_शिफ्ट

सगळं साहेबांवर ढकलू नका राव. साहेब बदलत नाही हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे, म्हणून माझ्या आठ माणसांशी मी कसं बोलायचं ते त्याच्या हातात जात नाही. तो माणूस चाळीस मिनिटं उशिरा आला. त्याला आधी 'का रे, काय झालं' एवढं विचारायला किती वेळ लागतो? मेल नंतर टाकता आली असती. साहेबांनी 'लेखी काय आहे' असं त्या दिवशी विचारलंही नव्हतं, ते तुम्हीच मनाशी ठरवलंत.

ठणठणपाळ_नव्हे

हे लागलं.

उद्या विचारतो त्याला. पण महिनाअखेरीसाठी बोलल्याची दोन ओळींची मेल टाकली, साहेबांना सीसी न करता, तर चालेल ना?

आडकित्ता

अकरा सर्टिफिकेटं आणि प्रगती काय, तर सीसी काढला. बारावं बीसीसीवर घ्या.