खेळाडूच्या वागण्याची शिक्षा त्याच्या कॅरेक्टरला द्यावी का?

वाड्याचा_डीएम:

मी स्वतः डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे एकेक कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायच्या गोष्टीच्या खेळाचं, एक कॅम्पेन (लांबलचक कथा) डीएम म्हणून चालवतो (डीएम म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट आणि बाकीचं जग चालवणारा) आणि पुण्यातल्याच दुसऱ्या एका टेबलवर खेळाडू म्हणून बसतो. विषय त्या दुसऱ्या टेबलचा आहे.

एकाचं कॅरेक्टर चोराचं. पार्टी (खेळाडूंच्या कॅरेक्टरांची टोळी) झोपली की हा आपल्याच माणसांच्या पिशव्या उचकतो. पुजारणीची हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) त्याने ढापली आणि पुढच्या लढाईत ती बेशुद्ध पडली तरी बाहेर काढली नाही. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "माझं कॅरेक्टर असंच वागणार." शेवटी डीएमने काय केलं, तर पुढच्या गावात पहारेकऱ्यांनी त्याला पकडलं आणि त्याचा उजवा हात तोडला. टेबलवर टाळ्या पडल्या. त्या खेळाडूने उरलेला वेळ तोंडातून शब्द काढला नाही आणि पुढच्या सेशनला डाव्या हाताने चोरी चालू केली.

ही पद्धत जुनीच आहे. या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये त्रासदायक खेळाडूंवर खास मजकूर लिहिला आहे. आरडाओरडा करणारे, मनाविरुद्ध झालं की रुसणारे, नियमांच्या पुस्तकाआड लपून वाद घालणारे, यांना सरळ जायला सांगा किंवा पुन्हा बोलावू नका, असं तो म्हणतो. आणि ज्यांना ठेवावंसं वाटतं त्यांच्यासाठी? सगळ्यांच्या देखत राक्षसासाठी जादा फासा टाका, आकाशातून डोक्यावर निळी वीज पाडा, कॅरेक्टरच्या करिश्म्याचा (प्रभाव पाडण्याच्या ताकदीचा) एक गुण कायमचा कापा. लोकांच्या लक्षात राहिली ती वीज.

माझ्या मते पहिला सल्ला आजही बरोबर आहे आणि दुसरा टेबलची वाट लावतो. वीज पडली की डीएम चिडलाय एवढंच कळतं, नक्की कशावर ते कळत नाही. शिवाय त्यानंतर डीएमच्या प्रत्येक फाशाकडे संशयाने बघितलं जातं. राक्षसाने माझ्यावरच हल्ला का केला? तो मूर्ख आहे म्हणून, की डीएम माझ्यावर खार खाऊन आहे म्हणून? हा प्रश्न एकदा मनात आला की खेळातला विश्वास गेला.

नैसर्गिक_वीस:

अजिबात सहमत नाही. चोरी केली की हात तुटतो, हे त्या जगात शोभणारंच आहे. जुन्या आवृत्त्यांमध्ये पॅलाडिनने (शपथ घेतलेल्या धर्मयोद्ध्याने) दुष्कृत्य केलं की त्याच्या शक्ती जायच्या. तो नियमच होता, त्याला कोणी डीएमचा राग म्हणत नव्हतं. परिणामच नसतील तर डीएमची गरज काय?

दुसरं म्हणजे, "बाहेर बोला" म्हणणं सोपं आहे. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. रविवारी चहा-पोहे खाऊन खेळायला बसतो. तिथे एकाला बाजूला घेऊन "तुझ्या वागण्याबद्दल बोलायचंय" म्हटलं की संध्याकाळ संपली. खेळातल्या खेळात दोन मिनिटांत निरोप पोचतो आणि कोणाचा अपमान होत नाही.

वाड्याचा_डीएम:

@नैसर्गिक_वीस, पॅलाडिनला शपथ आधीपासून माहीत असते. परिणाम मला नकोत असं नाही. पण पहारेकरी चिडावेत अशी चोरी त्याने गावात केलीच नव्हती! चोरी झाली होती पार्टीतल्या माणसांची. त्यांच्या तक्रारीवर डीएमने भलत्याच लोकांकडून सूड उगवला. माझी कसोटी साधी आहे: तुमच्या टेबलवरच्या सगळ्यात शांत, आवडत्या खेळाडूने हेच केलं असतं तर त्याचाही हात तोडला असता का? नसता, तर तो परिणाम नाही, शिक्षा आहे.

आणि अपमान होत नाही म्हणता, तर टाळ्या कशाला पडल्या?

मागच्या_बाकावरची:

मी खेळाडूच्या बाजूने लिहिते.

आमचं टेबल ऑनलाइन, डिस्कॉर्डवर. एकाचा बार्ड (गाण्यातून जादू करणारं कॅरेक्टर) दर सेशनला माझ्या कॅरेक्टरच्या मागे लागायचा. मी स्वच्छ सांगितलं की तिला यात रस नाही. तो म्हणाला, "पर्सुएशनचा (मन वळवण्याचा) फासा टाकतो, बघू फासे काय म्हणतात." आणि डीएमने त्याला फासे टाकू दिले! माझ्या कॅरेक्टरला कोण आवडतं हे विसाच्या फाशाने ठरायला लागलं.

मी डीएमला मेसेज केल्यावर त्याने या धाग्यातलाच उपाय केला. एक ओगर (धिप्पाड राक्षस) आला, त्याने बार्डला बदडलं, सगळे हसले. आता पाचव्या आवृत्तीत एक लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली की सगळे हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) परत येतात. सकाळी बार्ड ठणठणीत आणि पुन्हा माझ्या मागे. हे इथे चालणार नाही, हे वाक्य कोणी उच्चारलंच नव्हतं, मग तो थांबणार कशाला? ओगरने मारलं म्हणजे त्याच्या लेखी आणखी एक भारी प्रसंग झाला.

मी ते टेबल सोडलं. आता जिथे खेळते तिथे सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, यादी होते: कुठल्या गोष्टी खेळात येणारच नाहीत आणि कुठल्या पडद्याआड उरकायच्या. ही कल्पना गेम डिझायनर रॉन एडवर्ड्सची. जोडीला एक्स कार्ड असतं, जॉन स्टाव्ह्रोपोलोसने 2013 च्या सुमारास मांडलेलं. टेबलवर मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड. कोणी हात लावला की तो प्रसंग तिथेच गाळायचा, कारण विचारायचं नाही. आम्ही चॅटमध्ये नुसतं "एक्स" लिहितो. कारण विचारायचं नाही, हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण कारण सांगायला लागू नये म्हणूनच मी इतके आठवडे गप्प बसले होते.

नियमपुस्तक:

थोडं विषयांतर, पण गायगॅक्सने वादात नियमांचं पुस्तक उघडणाऱ्यांना रुसणाऱ्यांच्या रांगेत बसवलं ते मला मान्य नाही. 2014 च्या नियमांत स्नीक अटॅक (चोराचा जादा नुकसान करणारा वार) दर टर्नला एकदा आहे, राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न) एकदा नाही. म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये ऑपॉर्च्युनिटी अटॅक (शत्रू निसटताना करता येणारा वार) मिळाला तर पुन्हा वापरता येतो. आमचा डीएम नाही म्हणाला, मी पान दाखवलं, तर मी त्रासदायक? तोडगा साधा आहे: डीएमने तिथल्या तिथे निर्णय द्यावा, तो सगळ्यांनी पाळावा, पुस्तक सेशन संपल्यावर उघडावं.

नैसर्गिक_वीस:

@मागच्या_बाकावरची, तुमच्या बाबतीत डीएमने पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं, यात वादच नाही. पण तो प्रकार आणि पोशन ढापणं एका मापाने मोजू नका. एकात माणसाला त्रास आहे, दुसऱ्यात कॅरेक्टरला.

आणि मूळ अडचण कोणी बोलतच नाहीये. बहुतेक ग्रुपमध्ये सगळ्यात त्रासदायक माणूस तोच असतो ज्याच्या घरी खेळ चालतो. त्याच्याच सोफ्यावर बसून त्याला काय सांगणार?

पार्सिपनीकर:

फोन करायचा. आमच्याकडे न्यू जर्सीत हेच झालं होतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायचं नाही, सगळ्यांसमोर नाही, सेशन संपल्या संपल्या तर मुळीच नाही. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे आणि एकट्याला सांगायचं: "अरे, तू मध्येच बोलतोस तेव्हा बाकीच्यांची टर्न राहून जाते. पुढच्या वेळी दुसऱ्याचं पूर्ण होऊ दे." स्वभावावर जायचं नाही, झालेली एकच गोष्ट सांगायची. तरी फरक पडला नाही, तेव्हा आम्ही लायब्ररीची खोली घेऊन तिथे खेळायला लागलो. जागा बदलली तशी घरमालकाची ऐटही उतरली. तो आजही आमच्यात खेळतो.

फक्त हे सगळं डीएमच्याच डोक्यावर का? तो आधीच आठवडाभर तयारी करत असतो. जिची पोशन गेली तिने बोलावं की.

वाड्याचा_डीएम:

@पार्सिपनीकर, तिने बोलून बघितलं. "खेळात खेळासारखं घे ना" असं उत्तर मिळालं. म्हणूनच @नैसर्गिक_वीस यांचं माप मला पटत नाही. ती त्या लढाईत तासभर नुसती बसून होती. पोशन कॅरेक्टरची गेली, संध्याकाळ तिची गेली.

त्या डीएमला मी सुचवणार आहे की पार्टीत आपसात चोरी चालेल का, हे सगळ्यांना विचारून ठरवा. चालणार नाही असं ठरलं तर त्याला स्पष्ट सांगा आणि तोडलेला हात परत द्या.

नैसर्गिक_वीस:

विचारून ठरवा, ठीक आहे. हात परत द्यायला मात्र माझा विरोध. झालं ते झालं. हात हवा असेल तर रिजनरेट आहे की, तुटलेला अवयव परत आणणारा सातव्या लेव्हलचा स्पेल (मंत्र). तो टाकणारा कोणी शोधा, त्यातून एक छान मोहीम होईल.

वाड्याचा_डीएम:

ती मोहीम सगळ्या पार्टीला करावी लागेल. म्हणजे ज्यांचे खिसे कापले गेले तेच आता त्याच्या हातासाठी महिनोन् महिने वणवण करणार, आणि गोष्टीचा नायक पुन्हा तोच. मी हात फुकट परत देईन.