यशवंतरावांनी चरणसिंहांच्या मंत्रिमंडळात जायला नको होतं. पटतंय?

गोदाकाठचा:
नाशिकनं १९६३ साली यशवंतरावांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं, त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठही आपल्याकडेच आहे. इथे त्यांच्याविरुद्ध बोलणं म्हणजे ओढवून घेणं. तरी बोलतो. जुलै १९७९ मध्ये मोरारजींविरुद्धचा अविश्वास ठराव विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनीच आणला. मोरारजी पायउतार झाल्यावर राष्ट्रपती संजीव रेड्डींनी आधी त्यांनाच सरकार बनवता येतं का पाहा म्हणून सांगितलं. जुळलं नाही. तिथे थांबायचं ना! पण २८ जुलैला चरणसिंह पंतप्रधान झाले आणि हे उपपंतप्रधान व गृहमंत्री. सरकार कुणाच्या जिवावर? १९७८ मध्ये ज्यांच्याशी फारकत झाली त्या इंदिराबाईंच्या. २० ऑगस्टला लोकसभेत बहुमत दाखवायचं होतं, बाईंनी पाठिंबा काढला, आणि चरणसिंह सभागृहाला सामोरे न जाताच राजीनामा देऊन मोकळे. एवढ्यासाठी हयातभराची पुण्याई पणाला लावली.

कॉलेजरोडवाली:
निकाल माहीत असताना शहाणपण सांगणं सोपं. चव्हाणांचा गट बाजूला राहिला असता तर चरणसिंहांचा आकडाच जमत नव्हता, आणि मोरारजी पुन्हा दावा लावून बसलेच होते. शिवाय माणसं बघा की. अर्थ बहुगुणांकडे, संरक्षण सी. सुब्रमण्यम यांच्याकडे, रेल्वे टी. ए. पै, पोलाद बिजू पटनाईक, शिक्षण करणसिंह. यातलं कोण नवशिकं? अण्णाद्रमुकचे दोन मंत्री ऑगस्टमध्ये आले, द्रविड पक्षाला केंद्रात पहिल्यांदा जागा मिळाली ती याच मंत्रिमंडळात. पुढच्या आघाड्यांची वाट इथून निघते, हे कुणी सांगत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस:
ताई, हीच यादी आणीबाणीच्या दिवसांत घेऊन जा. सुब्रमण्यम तेव्हा अर्थमंत्री, पै उद्योग, करणसिंह आरोग्य, ब्रह्मानंद रेड्डी गृहमंत्री, यशवंतराव स्वतः परराष्ट्रमंत्री. आणि चरणसिंह तेव्हा तुरुंगात! ज्यांच्या सरकारनं आत टाकलं त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले. याला आघाडी म्हणायचं असेल तर म्हणा. मोरारजींबरोबरचे मधू दंडवते, मोहन धारिया हे आपले दोघे या मंत्रिमंडळात नाहीत, तेही लक्षात घ्या.

कॉलेजरोडवाली:
मांडीचं सोडा, पाठिंबा का गेला ते बोला. बाईंना आणि संजय गांधींना आणीबाणीतल्या कारभारावरून विशेष न्यायालयात चालणाऱ्या खटल्यांची चिंता होती. चरणसिंह त्या बाबतीत वाकले नाहीत. वाकले असते तर सरकार आणखी काही महिने रेटलं असतं. खुर्चीसाठीच सगळं चाललं होतं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. आणि गृहखातं कुणाकडे होतं?

निफाडचा_शेतकरी:
गृहखात्याचं निघालंच आहे तर पुढचंही ऐका. २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त झाली, हे काळजीवाहू म्हणून १४ जानेवारी १९८० पर्यंत राहिले. त्यात ऑक्टोबरात काळाबाजाराविरुद्ध वटहुकूम काढला, खटला न भरता माणूस स्थानबद्ध करायची सोय असलेला. आणीबाणीत स्थानबद्धता भोगलेल्यांचं हे सरकार, बरं का. इतकं करून कांदा महागलाच, बाईंनी प्रचारात तोच उचलला आणि निवडणूक मारून नेली. शहरवाले आजही 'कांद्यानं सरकार पाडलं' म्हणून मिटक्या मारतात. सरकार ऑगस्टमध्येच पडलं होतं हो! आमच्या बाजूनं कुणी बोललं का? १९८० च्या नोव्हेंबरात कांदा-उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते अडवावे लागले, तेव्हा कुठे दिल्लीला लासलगाव नकाशावर दिसलं.

सिडको_सेक्टर:
विषय मंत्रिमंडळाचा, शेवट कांद्यावर. नाशिककर शोभताय.

निफाडचा_शेतकरी:
कांद्याशिवाय तुमची मिसळ होते का?

गोदाकाठचा:
खटल्यांचा मुद्दा मान्य, पण तो चरणसिंहांच्या खात्यावर. मी यशवंतरावांबद्दल बोलतोय. १९८० ला त्यांच्या काँग्रेसकडून महाराष्ट्रात ते एकटेच निवडून आले, साताऱ्यातून. पुढच्या वर्षी इंदिराबाईंच्या पक्षात परत. म्हणजे साडेपाच महिन्यांच्या त्या सरकारातून, त्यातले पाच काळजीवाहू, हाती काय राहिलं? एक पद. तेही असं की त्यांच्या चरित्राचा विषय निघाला की लोक संयुक्त महाराष्ट्र सांगतात, १९६२ ला संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते सांगतात, आणि उपपंतप्रधानपद गिळून टाकतात.

कॉलेजरोडवाली:
लोक गिळतात तो लोकांचा दोष. साताऱ्यानं त्या लाटेतही निवडून दिलं ना? त्या मतदारांना हे मंत्रिमंडळ ठाऊक नव्हतं होय?

पंचवटी_एक्सप्रेस:
साताऱ्यानं मंत्रिमंडळाला नाही, घरच्या माणसाला मत दिलं. नाशिकमधून उभे राहिले असते तर कळलं असतं.