बेसबॉलच्या जुन्या संग्रहाची विक्री : जाणकारांचा सल्ला हवा आहे

नीरजा

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या शेजारच्या अमेरिकन आजींचे यजमान गेल्या वर्षी वारले. ते मूळचे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. १९५७ च्या हंगामानंतर तिथला डॉजर्स हा बेसबॉल संघ लॉस एंजेलिसला गेला, तरी त्यांचा जीव त्या जुन्या ब्रुकलिन संघावरच राहिला. त्यांच्या मागे टॉप्स कंपनीची खेळाडूंची चित्रे असलेली १९५५ ची बरीच कार्डे, १९८८ ते १९९१ या काळातली कार्डांची न उघडलेली खोकी, डॉजर्सच्या खेळाडूंच्या सह्या असलेला एक चेंडू आणि जुन्या काळचा विख्यात बेसबॉलपटू बेब रूथ याची सही म्हणून जपलेला दुसरा चेंडू, एवढे घरात आहे. एका दुकानदाराने सगळ्याची मिळून एकच रक्कम सांगितली असून तो आठवड्याभरात होकार मागतो आहे. आजींना पैशाची निकड नाही; मात्र लहान घरात जायचे असल्याने त्यांना हे मार्गी लावायचे आहे. कोणती वस्तू कुठे विकावी आणि त्याआधी काय करावे, हे कृपया सांगावे.

जुना संग्राहक

नीरजाताई, त्या दुकानदाराला तूर्त नकार कळवावा. सगळ्या मालाची एकच रक्कम सांगणाऱ्याने त्यातली एक-दोन मोलाची कार्डे आधीच हेरलेली असण्याची शक्यता बरीच असते.

१९५५ च्या संचातली तीन कार्डे प्रथम शोधावीत : १२३ क्रमांकाचे सँडी कोफॅक्सचे, १२४ क्रमांकाचे हार्मन किलब्रूचे आणि १६४ क्रमांकाचे रॉबर्टो क्लेमेंटेचे. तिघांचीही ही पदार्पणाची कार्डे आहेत. ५० क्रमांकाचे जॅकी रॉबिन्सनचे कार्डही वेगळे काढावे. कार्ड कडांनी धरावे, चारही कोपरे भिंगाखाली पाहावेत आणि चित्राभोवतीचा पांढरा काठ चारही बाजूंना सारखा आहे का ते तपासावे; कारण कार्डाची स्थिती तपासून श्रेणी देणाऱ्या, म्हणजे ग्रेडिंग करणाऱ्या, पीएसए किंवा एसजीसी या कंपन्यांच्या एक ते दहाच्या श्रेणीत चार आणि आठ यांमध्ये किमतीचा कित्येक पटींचा फरक पडतो. डाग पुसणे किंवा घडी दाबून सरळ करणे यांपैकी काहीही करू नये. कडा कापून कार्ड नीटनेटके करणे तर या व्यवहारात फसवणूकच मानली जाते. जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे सर्वांत प्रसिद्ध कार्ड, जे एके काळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांच्या मालकीचे होते, ते अशाच रीतीने कापले गेल्याची कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. सगळी कार्डे ग्रेडिंगला पाठवू नयेत. शुल्क वस्तूच्या मूल्यानुसार वाढते आणि साध्या खेळाडूंच्या कार्डांना ते परवडत नाही.

न उघडलेल्या खोक्यांबद्दल फार आशा बाळगू नये. त्या वर्षांत कंपन्यांनी अफाट छपाई केली आणि लोकांनीही ती भविष्याची ठेव म्हणून जपली, त्यामुळे माल आजही मुबलक आहे. त्यात १९८९ चे अपर डेक कंपनीचे खोके असेल तर मात्र ते वेगळे ठेवावे, कारण केन ग्रिफी ज्युनियरचे १ क्रमांकाचे पदार्पणाचे कार्ड त्या संचातले आहे.

चेंडूंच्या बाबतीत सहीच्याही आधी चेंडूवरचा शिक्का वाचावा. त्या काळी अधिकृत चेंडूवर लीगच्या, म्हणजे संघांच्या दोन मुख्य गटांपैकी त्या गटाच्या, अध्यक्षांचे नाव छापलेले असे. नॅशनल लीगच्या चेंडूंवर १९३४ ते १९५१ या काळात फोर्ड फ्रिक आणि त्यानंतर १९६९ पर्यंत वॉरन जाइल्स. अमेरिकन लीगच्या चेंडूंवर १९३१ ते १९५९ विल हॅरिज आणि पुढे १९७३ पर्यंत जो क्रोनिन. दोन्ही चेंडूंवर कोणते नाव आहे ते कळवावे.

करसल्लागार

विक्रीआधी एक गोष्ट करून ठेवावी. वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत म्हणून सामान्यतः मालकाच्या निधनाच्या दिवशीचे बाजारमूल्य धरले जाते. त्या तारखेचे लेखी मूल्यांकन हाती असेल तर आजींचा करपात्र नफा पुष्कळ कमी होतो. संग्रहणीय वस्तूंवरील दीर्घकालीन नफ्याला संघीय कराचा कमाल दर २८ टक्के आहे, शेअरांसारखा २० टक्के नाही. नेमका हिशेब स्थानिक सीपीएकडून (परवानाधारक लेखापालाकडून) करून घ्यावा.

नीरजा

दोघांचेही मनापासून आभार. क्लेमेंटे आणि रॉबिन्सन सापडले. डॉजर्सच्या चेंडूवर वॉरन जाइल्स यांचे नाव आहे. रूथच्या चेंडूवर जो क्रोनिन असे स्पष्ट वाचता येते.

जुना संग्राहक

रूथ ऑगस्ट १९४८ मध्ये वारला. क्रोनिन अध्यक्ष झाले १९५९ मध्ये. त्यामुळे ती सही रूथची असूच शकत नाही, आणि तो चेंडू रूथच्या नावावर कुठेही विकायला ठेवू नये. आजोबांनी तो विश्वासाने घेतला असेल. अशा बनावट सह्यांचा धंदा मोठा होता; एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात तर मदर तेरेसांच्या बनावट सहीचे बेसबॉलदेखील सापडले होते.

डॉजर्सच्या चेंडूचा काळ मात्र जुळतो. आता तिरप्या उजेडात भिंगाने सह्या पाहाव्यात. सगळ्यांची शाई एकसारखी सपाट असेल आणि पेनाचा दाब कुठेच उमटलेला नसेल, तर त्या छापील सह्या आहेत. पेनाच्या असल्या तरी रॉबिन्सन, कॅम्पानेला, हॉजेस या डॉजर्सच्या खेळाडूंची अक्षरे एकाच वळणाची वाटत नाहीत ना, हे बघावे. खेळाडूंच्या वतीने क्लबहाउसमधल्या मदतनीसांनी सह्या करण्याची पद्धत त्या काळी सर्रास होती आणि ब्रुकलिनही तिला अपवाद नव्हते. अंतिम निर्णय सह्यांचा खरेपणा तपासणाऱ्या पीएसए किंवा जेएसए या कंपन्यांकडून लेखी घ्यावा. चेंडू कुठून आला याबद्दल आजींना जे आठवते ते तारखेसह लिहून त्यांची सही घ्यावी आणि सामन्याचे तिकीट किंवा छायाचित्र असल्यास सोबत जोडावे. तोवर चेंडू उन्हापासून दूर ठेवावा.

चेंडू खरा ठरल्यास तो आणि ग्रेड झालेली दोन कार्डे लिलावात द्यावीत. न्यू जर्सीतच रॉबर्ट एडवर्ड ऑक्शन्स ही लिलाव कंपनी आहे आणि डॅलसची हेरिटेजही आहे. दोन्हीकडे विक्रेत्याकडून घेतल्या जाणाऱ्या दलालीबद्दल घासाघीस करता येते, ती अवश्य करावी. उरलेली १९५५ ची कार्डे ईबेवर खेळाडूनिहाय गट करून विकावीत, आणि किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे न पाहता झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत. खोकी दुकानदाराला दिली तरी चालतील.